राखून ठेवलेला पूल

२४ फेब्रुवारी, रत्नागिरी

आज दुपारी पक्षाकडून फोन आला. मी, हरिश्चंद्र रामा कुळ्ये, एसटीचा माजी कंडक्टर आणि आता आमदार, विधानसभेचा उपाध्यक्ष होणार. घाईने लिहितोय म्हणून अक्षर वाकडं येतंय. येऊ दे.

दोनच दिवसांपूर्वी बांधकाममंत्री जिल्ह्यात आले होते. त्यांना विश्रामगृहात गाठून मी स्पष्ट सांगितलं, की आमच्या नदीवरच्या पुलाचं या अधिवेशनात झालं नाही तर मी वेलमध्ये, म्हणजे थेट अध्यक्षांच्या आसनासमोर, बैठक मारणार. तुम्ही माईक बंद केलात तरी माझा आवाज मंत्रालयाच्या गेटापर्यंत जातो. आपल्याच पक्षाचा मंत्री असला म्हणून काय झालं? मंत्री हसले, चहा मागवला आणि पाठीवर हात ठेवून म्हणाले, "हरिश्चंद्रराव, तुमच्या आवाजाला सभागृहात योग्य जागा मिळायला हवी." आणि आज हा फोन. माणूस शब्दाला जागला, हे कबूल करायला हवं.

बायको, जनी, बांगड्यांना तिखट-मीठ लावत होती. तिला बातमी सांगितली तर म्हणाली, "उपाध्यक्ष म्हंजे काय करायचं?"

"अध्यक्ष नसतील तेव्हा आसनावर बसायचं. कोण किती वेळ बोलणार, ते आपण ठरवायचं."

"आनि तुमी कदी बोलनार?"

मी तिला समजावलं, की आसनावरचा माणूस वादात पडत नाही, प्रश्न विचारत नाही. तशी प्रथाच आहे. तिने बांगडा तव्यावर सोडला आणि म्हणाली, "मंग पुलाचा कोन विचारनार?"

एवढ्या मोठ्या पदावर बसल्यावर विचारावं लागत नाही, लोक आपणहून करतात, असं मी तिला सांगितलं. तिला पदाची उंची कळायला थोडा वेळ लागेल.

२७ फेब्रुवारी, गाव

गावाने मिरवणूक काढली. ढोल, ताशे, झेंडूचे हार. नदीपलीकडच्या वाडीची माणसं पाण्यातून चालत आली, कारण यंदाचा साकव अजून धड उभा नाही. दर दिवाळीनंतर आम्ही लाकडांचा साकव घालायचा आणि पुढच्या पावसाने तो न्यायचा, हे माझ्या आज्यापासून चाललंय. गेल्या श्रावणात पलीकडची एक बाळंतीण डोलीत घालून छातीभर पाण्यातून आणली. ती वाचली, मूल राहिलं नाही. ती आज हार घेऊन आली होती. माझ्या गळ्यात घालून ती मागे सरली.

केरू आमचा गावकर. देवापुढे सगळ्या गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालायचा मान त्याचा. शाळेत आम्ही एका बाकावर होतो आणि एकाच दिवशी नापास झालो. तो माझ्या खांद्यावर थाप मारून ओरडला, "हऱ्या, आता पूल झालाच म्हनायचा. आता तू नुसता हुकूम सोड."

मला सांगता आलं असतं, की बाबा, उपाध्यक्षाला हुकूम सोडता येत नाही. पण हार इतके झाले होते की तोंड हारांत बुडालं होतं. शिवाय आनंदाच्या दिवशी नियम काय सांगायचे?

गुलाम रसूलचाही फोन आला. लांजा गाडीवर तो ड्रायव्हर आणि मी कंडक्टर होतो. म्हणाला, "कुळ्ये, गाडी सांभाळून. हितं घाट लई हायत." त्याची मस्करी करायची सवय जुनीच आहे.

५ मार्च, मुंबई

आजचा दिवस नीट लिहून ठेवतो.

माझा एकच अर्ज होता, म्हणून निवड बिनविरोध. घोषणा झाल्यावर सभागृहाचे नेते एका बाजूने आणि विरोधी पक्षनेते दुसऱ्या बाजूने आले. दोघांनी माझा एकेक हात धरला आणि मला आसनापर्यंत नेलं. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारी ही दोन माणसं माझ्यामुळे एका पावलाने चालली. पायऱ्या चढताना मला वडील आठवले. त्यांनी जन्मभर दुसऱ्याच्या बागेत आंब्याच्या पेट्या भरल्या. ते आज असते तर गॅलरीत बसून नक्की रडले असते. मीही रडलो, लपवलं नाही.

मग अभिनंदनाची भाषणं झाली. सगळे माझ्या आवाजाबद्दलच बोलत होते. विरोधी बाकावरचे एक जण म्हणाले, "आता आमच्या कानांना जरा विसावा मिळेल." सभागृह खूप हसलं, मीही हसलो. सगळ्यांत गोड बोलले ते बांधकाममंत्री. म्हणाले, "कोकणचा हा बुलंद आवाज आता एका तालुक्याचा राहिला नाही."

उत्तरादाखल बोलायला उभा राहिलो तेव्हा लिहून आणलेला कागद खिशातच ठेवला. म्हणालो, "सन्माननीय सदस्यहो, मी आयुष्यभर गाडीत उभं राहून काम केलं. आज आपण मला बसायला जागा दिलीत. गाडी कितीही भरलेली असो, कंडक्टर ओळखीच्या माणसालाही तिकीट फाडतो. तिकीट सगळ्यांना सारखं. ही निवड मी त्याच भावनेने स्वीकारतो." बाकं वाजली. बाकं वाजली की माझ्या अंगात येतं, हे मला ठाऊक आहे. पुढचं वाक्य कागदावर नव्हतं. "आजपासून माझा पक्ष, माझं गाव आणि माझा पूल मी या दाराबाहेर ठेवून आत येतोय."

काय बाकं वाजली म्हणून सांगू. बांधकाममंत्री तर दोन्ही हातांनी वाजवत होते.

जनी गॅलरीत होती. नवी काठपदराची साडी नेसून ताठ बसली होती. तिने टाळी वाजवली नाही. गॅलरीत टाळ्या वाजवायला बंदी आहे, ती नियम पाळत असणार.

आमदार निवासात आल्यावर मात्र म्हणाली, "पक्ष ठेवलात, गाव ठेवलात, ठीक हाय. पूल कशाला भायेर ठेवलात? त्याला भायेर कोन बघनार?"

एवढ्या सोहळ्यातून हिला तेवढंच ऐकू आलं.

६ मार्च

आज पहिल्यांदा तासभर आसनावर. गोंधळ झाला, सदस्य खाली उतरले आणि सगळे एका बाजूला दाटले. माझ्या तोंडून निघून गेलं, "मधे थांबू नका, पुढे सरका, पुढे जागा आहे." क्षणभर शांतता, मग दोन्हीकडचे पोट धरून हसले आणि खरंच जागेवर जाऊन बसले. सचिव म्हणाले, असं सभागृह इतक्या लवकर कधी शांत झालं नव्हतं. सभासद मला "उपाध्यक्ष महाराज" म्हणतात. आमच्याकडे महाराजा म्हणतात ते फक्त देवाला. जनीला हे सांगितल्यापासून ती म्हणते, "महाराज, येताना कोथमीर आना."

११ मार्च

आज एक नवं हत्यार कळलं. मराठवाड्यातल्या एका शाळेबद्दल लक्षवेधी सूचना होती. मुलं झाडाखाली बसतात आणि मंत्री सांगत होते की इमारत "अंशतः" आहे. अंशतः इमारत म्हणजे भिंती आहेत आणि छप्पर नाही. मी सचिवांकडे बघितलं. ते हळूच म्हणाले, "उत्तर अपुरं वाटलं तर आपण सूचना राखून ठेवू शकता. मग मंत्र्यांना पूर्ण माहिती घेऊन पुन्हा यावंच लागतं. सुटका नाही."

मी लगेच म्हटलं, "लक्षवेधी राखून ठेवण्यात येत आहे." मंत्री गप्प झाले. आरडाओरड न करता माणूस गप्प होतो, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

सचिवांनी आणखी एक गोष्ट बजावली. आसनावरून दिलेला निर्णय आसनाबाहेर समजावून सांगायचा नाही, कुणालाही नाही. मी म्हटलं, त्यात काय अवघड आहे?

१३ मार्च, होळी

शिमग्याला गावात नाही, असं वर्ष मला आठवत नाही. केरूचा फोन आला, मागे ढोल वाजत होता. पालखी घरोघर फिरायला निघाली. आमच्या दारात तेवीस तारखेला येणार. त्या दिवशी रविवार आहे, सभागृहाला सुट्टी. जाणारच.

१५ मार्च

संस्कृती म्हणून एक तरुण आमदार आहे, विरोधी पक्षाची, पहिल्यांदाच निवडून आलेली. आज दालनात आली. म्हणाली, "सर, तुमच्या पुलाची लक्षवेधी मी दिली तर चालेल का? तुमची मागच्या अधिवेशनातली भाषणं मी वाचली आहेत."

एका क्षणात मला हो म्हणायचं होतं, नाही म्हणायचं होतं आणि तिला चहा पाजायचा होता. त्यातलं तिसरंच केलं. म्हटलं, "माझा कुठलाही पूल नाही. सूचना कोणी द्यावी हे मी सांगू शकत नाही. नियम पुस्तकात आहेत." ती खट्टू होऊन गेली. चहा अर्धाच प्यायली.

मी बरोबर वागलो. मग दिवसभर चैन का पडत नाही?

२० मार्च

तिने सूचना दिलीच. आणि आज ती पुकारली तेव्हा अध्यक्ष दिल्लीला गेले होते, म्हणून आसनावर मी.

संस्कृतीने डोलीची गोष्ट सांगितली. बाईचं नाव घेतलं नाही, ते बरं केलं. बांधकाममंत्री उठले. "सदर वाडीस पर्यायी रस्ता उपलब्ध आहे. पुलाची बाब तपासून पाहण्यात येत आहे." पर्यायी रस्ता. तो रस्ता सड्याच्या कातळावरून वळसा घालून डोंगर उतरतो, पावसात त्यावरून बकरीसुद्धा जात नाही. मला तिथला दगड न् दगड माहीत आहे. जीभ टाळ्याला चिकटवून बसलो. जन्मात इतका वेळ मी तोंड मिटून बसलेलो नाही.

संस्कृतीने विचारलं, "मंत्रीमहोदय, पावसाळ्यात त्या रस्त्याने कुणी गेल्याची माहिती आहे का?" मंत्री म्हणाले, "माहिती घेण्यात येईल."

सचिवांनी पुढच्या कामकाजाचा कागद सरकवला. मी स्वतःला विचारलं, हा पूल दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात असता तर काय केलं असतंस? शाळेचं काय केलं होतंस? तिकीट सगळ्यांना सारखं म्हणालास ना?

"उत्तर पुरेसं नाही. लक्षवेधी राखून ठेवण्यात येत आहे."

मंत्र्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर विश्रामगृहातलं हसू नव्हतं. मला मात्र आज माझा फार अभिमान वाटला. लिहायला कशाला लाजू?

२१ मार्च

सकाळी जनीचा गावाहून फोन. पालखीच्या तयारीसाठी ती आधीच गेली आहे. "अवो, काय करून बसलात?"

कुणीतरी मोबाइलवर कालची चित्रफीत पाठवली. फक्त माझं शेवटचं वाक्य. गावात प्रत्येकाने ते ऐकलं, आणि आमच्या गावात "राखून ठेवला" याचा अर्थ मला माहीत असायला हवा होता. गावकीच्या बैठकीत एखादं भांडण मिटलं नाही, की ते देवावर राखून ठेवतात. एकदा राखून ठेवलं, की ते पुन्हा कुणी काढायचं नाही. आमच्या आणि घाडींच्या फणसाचं भांडण माझ्या जन्माआधी राखून ठेवलंय. फणस पडला, भांडण अजून राखलेलं आहे.

म्हणजे गावाने ऐकलं ते असं: हरिश्चंद्राने खुर्चीवर बसून स्वतःच्या तोंडाने पूल गाडला.

"तू सांग ना त्यांना," मी म्हटलं.

"मना काय कळतंय तुमच्या सभेतला? तुमी या नि सांगा."

आणि मला सांगता येत नाही. आसनाचा निर्णय आसनाबाहेर समजावायचा नाही. त्यात काय अवघड आहे, असं मीच म्हणालो होतो.

२३ मार्च, रविवार, गाव

दारात रांगोळी, पाटावर नारळ, मी सोवळं नेसून उभा. पालखी शेजारच्या घरातून निघाली, आमच्या बेड्याशी, अंगणाच्या फाटकाशी, आली आणि थांबली. ढोल बंद झाला. सगळा गाव होता, पलीकडची वाडी होती. ती डोलीतली बाई होती.

केरू पुढे आला. "हऱ्या, येकच इचारतो. पूल तू राखून ठेवलास?"

"हो."

"तुज्या तोंडानं?"

"हो."

"का?"

सभागृहात दोनशे माणसांना गप्प बसवणारा मी, अंगणात उगाच पाटावरचा नारळ सरळ केला. म्हटलं, "ते मला सांगता येत नाही, केरू."

लोकांतून जो आवाज उठला, तो मी यापूर्वी फक्त दुसऱ्या पुढाऱ्यांसाठी ऐकला होता. केरूने पालखीवाल्यांना पुढे चला म्हणून हात केला. तेवढ्यात जनी ओटीचं ताट खाली ठेवून बेड्याशी गेली.

"भावजी, भात झोडलाव की बियाला येक कणगी राखून ठेवताव का नाय?"

"ठेवताव."

"ती काय कुजवायला ठेवताव?"

सभागृहातलं मला काही कळत नाही, असं जनी म्हणाली होती. मी काही तिला शिकवलं नव्हतं, देव साक्षी आहे.

केरूने पायाच्या अंगठ्याने माती उकरली. मग म्हणाला, "बरं वैनी. बियानं हाय का फोलपट, ते उगवल्यावर कळंल. तवर पालखी बी राखून ठेवतो. पाडव्याला शेवटचं घर म्हनून बघू." आणि पालखी आमच्या दारावरून पुढे गेली.

अपमानाने कान तापले. तरी एक लिहितो. केरूचा निर्णय चोख होता. मी आसनावर असतो तर यापेक्षा चांगला दिला नसता.

२६ मार्च, मुंबई

अधिवेशनाचा शेवटचा दिवस. राखून ठेवलेल्या दोन सूचना बाकी होत्या, आणि दुपारनंतर आसनावर मी. आधी शाळेची घेतली. त्या मंत्र्यांनी छपराची तारीख दिली. मग पूल पुकारला, तर बांधकाममंत्री सभागृहात नाहीत.

आमच्या बाकावरून चिठ्ठी आली: "वेळ संपत आली. पुढच्या अधिवेशनात घ्यावे." पुढचं अधिवेशन पावसात. तेव्हा त्या नदीला कुणी तोंड देणार नाही.

मी म्हटलं, "मंत्रीमहोदय येईपर्यंत सभागृह थांबेल." आणि बसून राहिलो. कुणी खोकलं, कुणी घड्याळ दाखवलं. दोघातिघांनी उठून काही बोलायचा प्रयत्न केला, त्यांना हाताने बसवलं. माझ्या घशात सबंध भाषण तयार होतं. ते वेलमध्ये बसून केलं असतं तर दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलं असतं आणि तिसऱ्या दिवशी त्यात कुणी बोंबील गुंडाळले असते. म्हणून गप्प बसलो. विरोधी बाकंही गप्प झाली. हळूहळू सगळं सभागृह दाराकडे बघायला लागलं.

मंत्री आले. हातात फाईल होती. पर्यायी रस्ता पावसाळ्यात वापरता येत नाही, हे त्यांनी वाचून दाखवलं. पुलाला मंजुरी दिली असून निविदा महिनाभरात निघेल, पावसाआधी पायाचं काम सुरू होईल, असं आश्वासन त्यांनी सभागृहाला दिलं. सभागृहात दिलेलं आश्वासन विसरता येत नाही, त्यावर समिती असते.

"लक्षवेधी निकाली काढण्यात येत आहे," एवढंच मी म्हणालो. संस्कृतीने माझ्याकडे बघून हात जोडले. मी बघितलं नसल्यासारखं केलं.

संध्याकाळी पक्षाच्या वरिष्ठांचा फोन. "हरिश्चंद्रराव, फार दमता तुम्ही. पुढच्या निवडणुकीची दगदग तुम्हाला नको, असं आम्हा सगळ्यांना वाटतं." इतक्या कामातही माझ्या तब्येतीची आठवण ठेवली. बरं वाटलं.

जनीला फोनवर सांगितलं तर ती नुसती "हं" म्हणाली, आणि मग, "या घरी. तांदळाची खीर करताव."

३० मार्च, पाडवा, गाव

आज पालखी दारात आली. सगळ्यांत शेवटचं घर आमचं. आश्वासनाची पूर्ण चित्रफीत आता प्रत्येकाच्या मोबाइलवर आहे, ती आमच्या जनीने मुलांकडून पाठवून घेतली. पलीकडची वाडी पुढे उभी होती. ती बाई जनीजवळ उभी राहून तिच्याशी काहीतरी बोलत होती आणि हसत होती. तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

पालखी पाटावर टेकली. केरूने नारळ हातात घेतला आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा गावदेवा म्हाराजा, तुजी पालखी या दारात उशिरा आली, ती आमच्या समजुतीच्या चुकीनं. ती चूक पोटात घाल."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणाला.

"पुलाचं आता आमी बघून घेऊ. त्याच्या मागं लागायला आमाला तोंडं हायत."

"व्हय म्हाराजा."

"ह्यो मानूस आता आमचा येकट्याचा ऱ्हायला नाय. सगळ्या मुलखाला सारखा झाला. आमी त्याला गावच्या कामातनं मोकळा केला. गावाचं गाऱ्हानं घेऊन आमी परत त्याच्या दारात येनार नाय. तू त्याची राखन कर, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

इतके ठराव मी मताला टाकले, पण असा एकमुखी मंजूर झालेला पाहिला नाही. ऊर भरून आला. मुलखाला सारखा, असं माझ्याबद्दल देवापुढे म्हटलं गेलं. माझ्या घराण्यात हे कुणाच्या वाट्याला आलं नव्हतं. फक्त ते "व्हय" म्हणताना माझा आवाज निघाला नाही, जनीचाही नाही. मी तिच्याकडे बघितलं तर ती पदराने डोळे पुसत होती.

नारळ फुटला, ढोल सुरू झाला, पालखी उचलायची वेळ झाली. दरवर्षीप्रमाणे मी पुढच्या दांडीला खांदा द्यायला वाकलो. उजवीकडे केरू, डावीकडे मी, ही आमची जागा मिसरूड फुटल्यापासूनची. केरूने माझ्या दंडाला हळूच धरलं आणि मला बाजूला केलं. फार अदबीने केलं. माझ्या जागी पलीकडच्या वाडीतला सागर उभा राहिला.

"तुमी नको, साहेब," केरू म्हणाला. "तुमी उभं ऱ्हावा. तुमी आता नुसतं बघायचं."

केरूने जन्मात पहिल्यांदा मला "तुमी" म्हटलं.